रिव्हर्स टाकला की मंग्या बोलते

मंग्या, तुह्या बाबांचा आज सकाळी मले फोन आला. म्हणे, "तौसिफ, येतांना वायर कापायचं काहीतरी घेऊन ये बाळा."

बस. एवढंच. आवाज एकदम साधा, जसे ते कोणा यजमानाले सांगतात का येतांना नारळ आन विड्याची पानं घेऊन या. मी विचारलं बी नाही कोणती वायर. आपल्या गाडीत वायरीचं जंगल हाय, पण तुहे बाबा, आपले गुरुजी, कापा म्हणतील अशी एकच हाय. मांगच्या पांढऱ्या लाइटापासून निघते आन चेसिसच्या कडंकडंनं तुह्यापाशी जाते.

तुह्यापाशी म्हणजे हॉर्नपाशी. पाय, मी असाच बोलून राहिलो आता. हॉर्नले तू म्हणून राहिलो.

मी नांदगाव पेठेले मिलमधी ड्युटीवर होतो. कटर खिशात टाकलं, सुपरवायझरले हात दाखवला, तो काहीतरी ओरडला, मी बाइकले किक मारली. अमरावतीपासून अकोल्यापर्यंत हेल्मेटच्या अंदर तुले शिव्या देत गेलो. त्या इथं लिहीत नाही, काकू वाचतील. पण तुले मालूम हाय कोणत्या.

तू म्हणशील, अबे मले काय सांगून राहिला, तो हॉर्न मीच तं लावला. लावला तू, पण आता सांगाले मी उरलो ना? तं गुपचूप ऐक.

हे सगळं शेळीपासून सुरू झालं. समुद्र पयले का चिखलदरा यावर भांडत आपण फिराले घेतलेली ती जुनी शाळेची गाडी, सीटा काढल्या, पलंग बसवला, ओटा बसवला, पंखा, पाण्याची टाकी, सगळं झालं, आन तुह्या डोक्यात आलं का मांगच्या काचेपाशी कपाट पाहिजे. मी म्हटलं मंग मांगचं दिसन कसं? तू म्हणे मांगचं पाहून काय करायचं, आपल्याले पुढं जायचं हाय. मोठा आला! बडनेऱ्याले माह्या घरामांगच्या मैदानात पयल्यांदा रिव्हर्स घेतला आन शेळी चाकाच्या इतकी जवळ आली का शेळीवाली बुढी चप्पल घेऊनच धावली.

"आंधळी गाडी घेऊन फिरता का रे पोट्टेहो? मांगं डोळे नाही तं तोंड तरी ठेवा तिले!"

मी माफी मांगून राहिलो आन तू तिच्याकडं असा पायत होता जसं तिनं तुले लॉटरी सांगितली. "आजी, एक नंबर बोलली तू," म्हणे. तिनं चप्पल फेकून मारली. लागली मले.

दुसऱ्याच दिवशी आपण अमरावतीच्या दुकानात. तो बिचारा एकेक रिव्हर्स हॉर्न वाजवून दाखवून राहिला. साधा बीप-बीपवाला, भजनाच्या धूनवाला, कुत्रं भुंकतं तो, एक तं लहान लेकराचं रडणंवाला. मी म्हटलं बीपवाला घे, सारी दुनिया तोच लावते. तू दुकानदारापुढं भाषण ठोकलं. "बीपले आपल्याकडं कोण भेते बे? बीप ऐकून आपला माणूस सरकत नाही, तो उभा राहून पायते का कशाचा बीप हाय. आपल्या माणसाले बोलाव लागते!" दुकानदार हासला. म्हणे मंग हा घ्या, याच्यात आवाज भरता येते, बटन दाबून ठेवायचं आन बोलायचं.

झालं. तुले खेळणं भेटलं.

लावतांना आपण किती भांडलो बे. मी गाडीखाली, पाठीवर, तोंडावर गंज पडून राहिला, आन तू बॅटरी धरून उभा, ते बी सीधी माह्या डोळ्यात. मी म्हटलं हॉर्नचं तोंड खाली पाहिजे, नाहीतर पाणी भरन. तू म्हणे तोंड मांगं पाहिजे, लोकं काय जमिनीत राहतात? शेवटी तिरपं लावलं. मंग दुकानदारानं भरून दिलेला आवाज असा निघाला जसा कोणी पिऊन बोलून राहिला, जाडाभरडा, ओढून ओढून. तुले वाटलं हॉर्न खराब निघाला, तू दुकानदाराच्या खानदानापर्यंत पोचला. खराब काही नव्हतं, अर्थची वायर आपण रंगावरच कसली होती. लोखंड उघडं केल्याबिगर अर्थ कसा भेटन? तिथला रंग घासला, चकचकीत लोखंड निघालं, वायर कसली, आन आवाज एकदम खणखणीत. तू गाडीखाली येऊन मले चिखलासकट मिठी मारली. तुले आनंद झाला का अंगावर येत होता तू. कुत्र्याच्या पिल्लासारखा.

आन कनेक्टर. ते भांडण तं आपलं राहूनच गेलं. मी म्हटलं मधात एक कनेक्टर टाकू, उद्या बिघडला तं खटकन काढता येईन. तू नाही म्हणे. वायरीले वायर पिळली, डाग दिला, त्यावर टेप, टेपवर टेप, त्यावर सिलिकॉन फासलं.

"काढायचंच नाही तं कनेक्टर कायले?"

"अबे पण बिघडला तं?"

"तं तू हायस ना."

तं मी हाय ना! हाव, हाय मी. आज कनेक्टर असता तं मी दोन बोटानं काढला असता, कोणाले समजलं बी नसतं, वायर जशीच्या तशी राहिली असती, मनात आलं तेव्हा परत लावला असता. तू ठेवलंच नाही. आता एक तं बोलायचं नाहीतर कापायचं. तिसरी गोष्ट तू ठेवली नाही लेका.

डाग द्यायच्या आधी, आवाज भराले, आपण हॉर्न घेऊन अकोल्याले तुह्या घरी गेलो, कारण बडनेऱ्याले बटन दाबलं का रेल्वे. हर बार. तू बोलाले तोंड उघडलं का मांगून इंजिन. मंग जठारपेठेत तुह्या घरच्या ओसरीत बसलो. तू उभा राहून, छाती फुगवून, जसा सभेत बोलून राहिला. पयल्यांदा हासला. दुसऱ्यांदा मले हासवलं. मंग तू शुद्ध मराठीत बोलला, "कृपया बाजूला व्हा," आन काकू अंदरून म्हणे, "कोण आलं रे?" आपण लोळलो.

शेवटी जमलं. "सरका हो बाप्पा, सरका! गाडी मांगं येऊन राहिली!" जबरदस्त आला. पण तू बटन सोडलंच नाही, हात वर करून नाचून राहिला, आन काकूनं अंदरून हाक मारली चहाची. काकूची हाक काही भरली नाही, लांब होती. तुहं उत्तर भरलं.

"आलो आई, आलो!"

मी म्हटलं परत कर. तू म्हणे राहू दे बे, घरच्यासारखं वाटते.

तवापासून गाडी तसंच बोलते. सरका हो बाप्पा, सरका, गाडी मांगं येऊन राहिली, आलो आई, आलो. गिअर निघेपर्यंत परत परत.

आवाज भरून हॉर्न बसवला त्या पयल्या दिवशी तं तू वायर चुकीची धरली, आठवते? रिव्हर्सच्या लाइटाच्या जागी ब्रेकच्या लाइटाले जोडून बसला. आपण बडनेऱ्याच्या चौकातून पुढं चाललो, आन जिथं ब्रेक दाबला तिथं गाडी बोंबलते, सरका, मांगं येऊन राहिली! मांगच्या स्कूटीवाल्या काकांनं घाबरून स्कूटी रस्त्याच्या खाली घातली. मंग पळत खिडकीपाशी आले. "अबे गाडी पुढं चालली ना! मांगं कुठं येऊन राहिली?" तू एकदम गंभीर होऊन म्हणे, "काका, तिच्या मनात हाय." मले ब्रेक दाबता येईना हासण्यानं, आन दाबला तं ते परत बोंबले. देवाची शपथ, असा मी जिंदगीत हासलो नाही. नंतर बी हासीन का नाही, मले मालूम नाही.

मंग गुरुजीनं पूजा केली गाडीची. आपण दोघं गाडी घेऊन तुमच्या गल्लीत शिरलो तं तू म्हटलं रिव्हर्सनं अंदर घेतो, म्हणजे निघतांना सोपं. गुरुजी फाटकातूनच हात हलवून ओरडले, "तोंड घराकडं पाहिजे! देवाकडं पाठ करून पूजा होते का?" साऱ्या अकोल्याच्या गाड्या त्यायनं पुजल्या असतील, सगळ्यायले असंच सांगतात, तोंड देवाकडं. पण बाकीच्यायची गल्ली पुढून मोकळी राहते. तुमची गल्ली तुमच्या घरापाशीच संपते. म्हणून आपली गाडी जेव्हा जेव्हा तिथं लावली, नाकासमोर घर. आन निघाली का सारी उलटी, तुह्या आवाजात, गल्लीच्या तोंडापर्यंत.

पूजेच्या वक्ताले मी बाजूले चपलांपाशी उभा होतो. मले वाटलं माहं काय काम. गुरुजी मंत्र थांबवून म्हणे, "मालक किती हाय गाडीचे?" तू म्हणे दोन. "मंग एकच का उभा आहे?" मले जवळ बोलावलं. टिळा नाही लावला, विचारलं फक्त, "चालते का तुले?" मी म्हटलं, "आमच्या अम्मीले काही नाही वाटत, पण आरशात पाहून मीच हासीन." ते बी हासले. चाकाखाली लिंबू ठेवायले मले सांगितलं. ते लिंबू चिरडल्याचा आवाज मले अजून येते.

हे सगळं तुले सांगायचं राहिलं होतं असं नाही. राहिलं ते दुसरं. पण तिकडं जायले माही हिंमत होऊन नाही राहिली म्हणून मी शेळीपासून सुरू केलं.

तुले ऊन लागलं. लोकं असं सांगतात एकमेकाले, मंगेशले ऊन लागलं, जसा काटा लागला, जशी ठेच लागली. मी तुले म्हटलं होतं ना बे, दुपारी गाडीच्या पत्र्यावर चढू नको, सोलरच्या प्लेटा संध्याकाळी लावल्या तं सूर्य काय रुसन का? तू म्हणे, "ऊन हाय म्हणूनच तं सोलर हाय." तुह्यापाशी हर गोष्टीले उत्तर तयार. दवाखान्यात मी पोचलो तं तुह्या अंगावर ओल्या चादरी, बर्फ, आन तू मले पाहून काहीच बोलला नाही. पयल्यांदा. मी तुह्या कानापाशी तोंड नेऊन म्हटलं, मंग्या, मी म्हणतो ते खरं, पयले समुद्र पाहू, चिखलदरा नंतर, तू उठ आन भांड माह्यासोबत. तू नाही भांडला. तवाच मले समजलं.

आन मंग ते. स्मशानात गुरुजी. ज्या माणसानं साऱ्या जठारपेठेचे लग्न, बारसे, दिवस केले, त्याच्या तोंडून पोराच्या वक्ताले शब्द निघेना. दुसरे भटजी आणले. ते घाईघाईनं म्हणून राहिले होते, आन गुरुजी मधातच हळूच म्हणे, "विसर्ग राहिला." आदतीनं. एवढंच. मंग स्वतःच दचकले आन उपरण्यात तोंड घातलं. मंग्या, मले काय झालं तवा, मले हासू आलं. मले वाटलं हे तुले सांगाव, तुले लय आवडन. मी वळून तुले पाहिलं बी. कुठं पाहिलं सांगू का तुले?

तवापासून गाडी गल्लीतच उभी. तोंड घराकडं. चाबी गुरुजीनं देवघरात ठेवली, कोणी हात नाही लावला. गल्लीतले लेकरं आधी तुह्यासारखं बोंबलत मांगं मांगं पळायचे, सरका हो बाप्पा सरका, ते बी आता बोलत नाही. कोणी सांगितलं नसन त्यायले. आपोआपच.

काल ठेकेदाराचा माणूस येऊन सांगून गेला, गल्लीचा सिमेंट रोड होऊन राहिला, परवा खोदणं सुरू, गाडी उद्याच काढा, नाहीतर पावसाळाभर अंदरच अडकन.

तं आता तुले समजलं कटर कायले.

मी पोचलो तं गुरुजी फाटकाच्या बाहेरच उभे. दाढी वाढलेली. अंदर जाऊ नाही दिलं मले. आवाज उतरवून म्हणे, "ती आत आहे. चार घास जेवाले लागली आता कुठं. हे ऐकलं तर तिचं काय होईन सांग. तू आधी तो आवाज बंद कर, मंग गाडी काढ."

मी म्हटलं, "गुरुजी, ढकलत नेतो ना. न्यूट्रलमधी. गिअर टाकायचंच काम नाही."

त्यायच्या चेहऱ्यावर असं काही आलं, मी सांगू नाही शकत. जसं मी त्यायले वाचवलं. स्वतः धोतर खोचून पुढं आले बोनेट ढकलाले. ठेकेदाराचे दोन मजूर आले, शेजारचे वानखडे काका आले. गुरुजीनं देवघरातली चाबी माह्या हातात देली, मी स्टिअरिंगवर. गाडी निघाली बी. हळूहळू, चूपचाप. आन मंग तो चढ, नालीच्या ढाप्यापाशी, तुले मालूम हाय ना तिथं तू नेहमी जोरानं अ‍ॅक्सिलेटर द्यायचा? तिथं अडकली. लोखंडाचा पलंग, टाकी, कपाट, सगळं तूच तं ठोकलं, इतकं वजन कोण ढकलन? दोन बोटं वर जाये आन परत घराकडं घरंगळे. वानखडे काका धापा टाकत म्हणे, "नाही जात रे बाप्पा हे. इंजिननंच काढा लागन." गाडी घरंगळत परत होती तिथंच येऊन उभी. तोंड घराकडं.

गुरुजी माह्याकडं पायले नाही. जमिनीकडं पाहून म्हणे, "काप."

"कापली तं जोडता येते गुरुजी. नंतर जोडून देतो."

"जोडू नको."

मी गाडीखाली गेलो मंग्या. पाठीवर. तोच गंज, तेच ऑइल. बॅटरी धराले कोणी नाही, म्हणून डोळ्यात बी कोणी नाही मारली. तिथं तुही टेप दिसली. काळी, जाडी, वाकडीतिकडी, कारण तू टेप दातानं तोडायचा, त्याचे कातरे कातरे दिसून राहिले. दाताचे, तुह्या. मी कटर वायरीवर ठेवलं. धरून राहिलो. मिलमधी मी दिवसभर वायरी कापतो बे, हात चालते आपोआप, विचार बी करत नाही. इथं बोटं दाबलेच नाही. मी त्यायले म्हणतो दाबा, ते नाही दाबत. मी या अल्ला म्हटलं, हे राम म्हटलं, तुले आईवरून शिवी दिली, मंग आठवलं का त्याच आईसाठी कापून राहिलो, मंग तोंडात हात घालून रडलो, आवाज नाही येऊ देला. गाडीखाली जागाच किती राहते, रडाले बी छाती फुगत नाही धड. मंग्या, मले इथून कोणी काढा असं वाटलं. तू काढ. नेहमी तूच तं पाय धरून ओढत होता मले बाहेर, कामाच्या मधातच, उगाच, माजाले. ओढ ना बे. एकदा ओढ.

मले पाय दिसले. काकूचे. त्यायच्या त्या निळ्या सपाता. चाकापाशी येऊन थांबले.

"तौसिफ, काय करून राहिला तिथं?"

काकू घरात शुद्ध बोलतात, हे तुले सांगाले नाही पाहिजे. वऱ्हाडी निघाली म्हणजे गोष्ट पोटातून आली.

गुरुजी म्हणे, "काही नाही, तू आत जा. गाडीचं काम आहे."

"मी त्याले विचारलं."

मी बाहेर निघालो. हातात कटर. लपवाले जागाच नव्हती. त्यायनं कटर पाहिलं, गाडीचं मांगचं पाहिलं, आन माह्याकडं. डोळे एकदम कोरडे.

"ते बोलते का अजून?"

"हाव काकू."

"आन तुमी दोघं ते कापून राहिले."

गुरुजीनं काहीतरी म्हणायले तोंड उघडलं तं काकू म्हणे, "माह्या जेवणाची फिकर करता. त्याले बंद करून मी जेवीन?" मंग माह्याकडं वळल्या. "काढ गाडी. मी मांगं उभी राहून सांगते तुले, येऊ दे का थांब."

मी चढलो. कटर डॅशबोर्डवर ठेवलं. चाबी फिरवली, पयल्याच वक्ताले चालू झाली, नालायक, इतके दिवस उभी होती तरी. आरशात काकू दिसून राहिल्या, गाडीच्या मांगं, मधोमध. मी क्लच दाबला. गिअरच्या दांड्यावर हात ठेवून मी तुले म्हटलं, सांभाळ बे.

टाकला.

"सरका हो बाप्पा, सरका! गाडी मांगं येऊन राहिली! आलो आई, आलो!"

काय खणखणीत, मंग्या! जसा तू मांगच्या कपाटातच बसलेला. वानखडे काका भिंतीकडं वळले. मजुरानं डोक्यावरचा दुपट्टा काढून हातात घेतला, त्याले काय मालूम तू कोण, पण काढला. गल्लीतला एक दरवाजा उघडला, मंग दुसरा, मंग सगळे.

काकू सरकल्या नाही.

मले वाटलं आता सरकतील, आता बाजूले होऊन हात हलवतील. "सरका हो बाप्पा, सरका!" तू सांगून राहिला. त्या गाडीच्या मांगं उभ्या, पदर गच्च धरून, आन हॉर्नाकडं पाहून काहीतरी बोलून राहिल्या. मी काच खाली केली.

"नाही सरकत, जा," म्हणे. "काय करतोस? नाही सरकत."

"आलो आई, आलो!"

"ये ना मग. केव्हाचा आलो आलो करतोस."

मी स्टिअरिंग गच्च धरून ब्रेक पार खालपर्यंत दाबला. मले भेव वाटलं, पाय सुटला तं? काकू मांगं, एका हातावर. मी नाही सहन करू शकलो मंग्या. तू परत परत त्यायले सरका म्हणून राहिला आन त्या तुह्यासंग भांडून राहिल्या, आन मधात मी, ना पुढं ना मांगं. मी गिअर काढला. न्यूट्रल. तू "गाडी मांगं" वरच तुटला.

इंजिन तेवढं चालू राहिलं.

आरशात काकू तशाच उभ्या, तोंड थोडं उघडं, जसं बोलता बोलता समोरच्यानं फोन ठेवला. गुरुजी माह्या खिडकीपाशी आले. मी डॅशबोर्डवरचं कटर उचललं आन त्यायच्यापुढं धरलं, म्हटलं, "तुमीच कापा गुरुजी, माह्याच्यानं नाही होत, माफ करा."

त्यायनं कटर घेतलं नाही. खिडकीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. ओठ हालून राहिले. मले वाटलं मंत्र म्हणून राहिले. मंग समजलं, शब्द शोधून राहिले.

"तौसिफ," म्हणे, "परत टाक."

मी क्लच दाबला.